अपाचे: पत्ता एक, फाइल भलतीकडेच. मधली सांगड स्क्रिप्टने घालावी का?

दाखलनोंद · महाल, नागपूर

नमस्कार. मी महालातल्या एका जुन्या वाचनालयात आहे. शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं. सर्व्हर सांभाळणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि पासवर्ड माझ्या डायरीत आला, तेव्हापासून हेही खातं माझ्याकडे. डेबियन लिनक्स, त्यावर अपाचे २.४ (पत्ता मागितला की फाइल पाठवणारा वेब सर्व्हर), मशीन म्हणजे भाड्याचा व्हीपीएस, रूट (पूर्ण अधिकार) माझ्याकडे आहे. तेव्हा 'होस्टिंगवाल्याला विचारा' एवढंच उत्तर कृपया देऊ नका.

आमच्याकडे मध्यप्रांत आणि वऱ्हाडातले जुने नकाशे स्कॅन झालेत. बहुतेक तालुक्यांचे, काही मौजेवार पटवारी नकाशे. सहा हजारांच्या आसपास पीडीएफ. स्कॅन करणाऱ्याने फायली ठेवल्या डब्याप्रमाणे: डबा ०७, फाइल ०१४३. मला ते पसंत आहे. मूळ कागद बघायचा तर डबाच उघडावा लागतो, त्यामुळे ती मांडणी मी मोडणार नाही. पण 'डबा सात द्या' म्हणत कुणी वाचक येत नाही. तो विचारतो, पवनीचा १९१७चा नकाशा आहे का? म्हणून पत्ते ठरवले ते असे: /नकाशा/भंडारा/पवनी/१९१७. याच पत्त्यांचे क्यूआर छापून नकाशांच्या नळकांड्यांवर चिकटवूनही झाले. आता पत्ता हलायचा नाही आणि फाइलही हलायची नाही.

सध्या मधलं काम एक पीएचपी स्क्रिप्ट करते. दाखल नोंदवहीच्या स्प्रेडशीटची सीएसव्ही करून ठेवली आहे. पीएचपी ती वाचते, ओळ शोधते आणि रीडफाइल या फंक्शनने पीडीएफ पाठवते. चालतं, पण रडतखडत. मोठे नकाशे ऐंशी-नव्वद एमबीचे आहेत. मोबाइलवर मध्येच नेटवर्क गेलं की डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच जणांनी एकदम मोठे नकाशे उघडले की बाकीची साइटही गपगार.

दुसरं दुखणं जिल्ह्यांचं. ते एखाद्या रेगेक्सने (अक्षरांचा नमुना जुळवणाऱ्या नियमाने) निस्तरण्यासारखं नाही. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधीचा तिथला प्रत्येक नकाशा आमच्या नोंदवहीत चांद्याखाली आहे. चांद्याचं चंद्रपूर झालं १९६४ला. वाशीमचा प्रवास तर आणखी लांबचा: इंग्रजांच्या वेळी बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हा, १९०५ला तो मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात घातला, १९९८ला वाशीम पुन्हा जिल्हा. म्हणजे रिसोडचा १९००चा नकाशा बासीमखाली, १९२५चा अकोल्याखाली, आणि वाचक दोन्ही वाशीमखाली शोधणार. आणि त्याने तिथेच शोधावं, त्याला १९०५ माहीत असण्याचं काही कारण नाही.

तिसरी गोष्ट मला अजून उमगलेली नाही. /नकाशा/वऱ्हाड/ ने सुरू होणारे पत्ते काहींना उघडतात, काहींना ४०४ ('सापडलं नाही') येतो. दोघांचे स्क्रीनशॉट शेजारीशेजारी ठेवून पाहिले. अक्षर न् अक्षर सारखं.

वाचनात असं आलं की अपाचेला पत्त्यावरून फाइल ठरवताना आपली स्क्रिप्ट जोडता येते. रीराइटमॅपला (किल्ली दिली की उत्तर देणारी अपाचेची यादी) प्रोग्राम लावायचा एक मार्ग, लुआ या छोट्या भाषेतला हुक (ठरल्या टप्प्यावर आपलं फंक्शन चालवायची सोय) हा दुसरा. यातला कुठला धरू? पायथन जेमतेम येते. लुआ येत नाही, पण शिकेन.

---

बर्डीवाला · नागपूर

ताई, प्रश्न झकास मांडला. इथे लोक नुसता 'साइट चालत नाही' म्हणून फोटो टाकतात.

(डायरेक्टिव्हची, म्हणजे अपाचेच्या कॉन्फ फाइलमधल्या सूचनांची, नावं उच्चाराप्रमाणे लिहून राहिलो. टाइप करताना इंग्रजीत करा.)

आधी पीएचपीचं पाहू. अपाचेत विनंती टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. पत्ता वाचल्या जाते, मग हा पत्ता म्हणजे डिस्कवरची कोणती फाइल ते ठरते, मग त्या फोल्डरला परवानगी आहे का ते पाहिल्या जाते, आणि पार शेवटी फाइल पाठवणारा हँडलर येतो. तुमची पीएचपी त्या शेवटच्या टप्प्यावर बसून सगळं काम स्वतःच करून राहिली. ब्राउझरने म्हटलं 'मला चाळीसाव्या एमबीपासून पुढचं दे', तर रीडफाइलला ते ऐकूच येत नाही. ते आपलं पहिल्या बाइटपासून ओतते. मोबाइलवर डाउनलोड पहिल्यापासून सुरू होते ते यामुळे.

पडताळून पाहा. कर्लने (कमांडवरून पत्ता मागायचं हत्यार) त्या पत्त्यावर फक्त बाइट ० ते ९९ मागा. पीएचपीकडून २०० येईल आणि अख्खी फाइल यायला लागेल. तीच पीडीएफ अपाचेकडून सरळ मागा, २०६ येईल आणि मोजून शंभर बाइट. तुम्हाला स्क्रिप्ट लावायचीच असेल तर दुसऱ्या टप्प्यावर लावा. तिथे फक्त फाइलचं नाव सांगायचं न् बाजूला व्हायचं. रेंज (मधला तुकडा मागणं), ई-टॅग (फाइल बदलली का ते ओळखायची खूण), 'बदललं असेल तरच पाठव' हे सगळं पुढे अपाचे स्वतः पाहते.

आता तुम्ही विचारलेले दोन मार्ग. रीराइटमॅपचा पीआरजी प्रकार म्हणजे तुमचा पायथन प्रोग्राम अपाचेसोबत एकदाच सुरू होतो न् बसून राहतो. अपाचे त्याला एका ओळीत किल्ली देते, तो एका ओळीत उत्तर देतो, सापडलं नाही तर 'नल' हा शब्द कॅपिटलमध्ये. ऐकायला सोपं वाटते. पण उत्तरानंतर नवी ओळ विसरली, किंवा पायथनने आउटपुट बफरमध्येच ठेवून दिलं, तर अपाचे वाट पाहत बसते. एरर नाही, लॉग नाही, नुसती शांतता. प्रत्येक प्रिंटनंतर फ्लश (बफर लगेच रिकामं करणं) पाह्यजेच. दुसरं, हा प्रोग्राम एकच असतो आणि अपाचेचे सगळे चाइल्ड (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) त्याच्यापुढे रांगेत उभे राहतात. बर्डीच्या रस्त्यावर दिवाळीच्या आदल्या दिवशी एकच ट्रॅफिक हवालदार असावा, तसं. तिसरं, तो ज्याने अपाचे सुरू केलं त्याच्या नावाने चालतो, म्हणजे बहुतेक वेळा रूट. २.४ मध्ये डायरेक्टिव्हच्या शेवटी यूजर आणि ग्रुप देता येतो, तो द्याच. आणि त्या व्हर्च्युअल होस्टमध्ये (कॉन्फमधला एका साइटचा भाग) रीराइटइंजिन ऑन नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही, मग लोक दिवसभर पायथनमधला दोष शोधत बसतात.

हे सगळं चालवता येते. माझा सवाल वेगळा आहे. तुमची नोंदवही बदलते केव्हा? नवा डबा स्कॅन झाला तेव्हा. महिन्यातून एकदा म्हणा. मग वाचकाच्या प्रत्येक क्लिकला स्क्रिप्ट कायले चालवता? नोंदवही बदलेल तेव्हा चालवा. पायथनने स्प्रेडशीट वाचायची, तुमचे १९०५, १९६४, १९८२, १९९८ चे सगळे नियम तिथेच लावायचे, आणि एक साधी टेक्स्ट फाइल काढायची: डावीकडे पत्ता, उजवीकडे डबा आणि फाइल. रीराइटमॅपचा टीएक्सटी प्रकार ती फाइल वाचतो. शोधलेली किल्ली लक्षात ठेवतो, न् फाइलची तारीख बदलली की आपणच पुन्हा वाचतो, रीस्टार्ट नको. रिसोड १९२५ साठी दोन ओळी येतील, एक अकोल्याची, एक वाशीमची, दोन्हींच्या उजवीकडे तोच डबा. सर्व्हरला इतिहास शिकवायची गरज नाही.

वऱ्हाडचं कोडं: अॅक्सेस लॉगमधून चाललेला एक पत्ता आणि ४०४ वाला एक पत्ता, दोन्ही जसेच्या तसे काढा. मराठी अक्षरांच्या जागी टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारे आकडे दिसतील, ते पाहू.

---

कोथरूडकर · पुणे

बर्डीवाल्यांच्या पीआरजीबद्दलच्या इशाऱ्यांशी शंभर टक्के सहमत. पण लुआला त्यांनी न बोलता बाजूला सारलं, म्हणून लिहितो.

मॉड-लुआ, म्हणजे लुआ चालवणारा अपाचेचा भाग, डेबियनच्या अपाचे पॅकेजमध्येच येतं, फक्त चालू करावं लागतं. लुआहुकट्रान्सलेटनेम हा डायरेक्टिव्ह मुख्य कॉन्फमध्ये किंवा व्हर्च्युअल होस्टमध्ये द्यायचा. डिरेक्टरी ब्लॉकमध्ये (कॉन्फमधला एका फोल्डरचा भाग) किंवा एचटीअॅक्सेसमध्ये (फोल्डरमध्येच ठेवलेली कॉन्फ फाइल) तो चालत नाही. त्याला स्क्रिप्टचा पाथ आणि फंक्शनचं नाव सांगायचं. फंक्शनला विनंती मिळते. तिच्यातला पत्ता बघायचा, आपला असेल तर फाइलनेम भरायचं आणि 'ओके' परत करायचं. आपला नसेल तर 'डिक्लाइन्ड', मग अपाचे नेहमीसारखं डॉक्युमेंट रूटमध्ये शोधतं. वीस-पंचवीस ओळींत काम होतं. प्रोसेस वेगळी नाही, रांग नाही.

एकच सांभाळा: लुआस्कोप (सुरू केलेला लुआ किती वेळ टिकवायचा ते) न देता ठेवला तर तो 'वन्स' असतो. म्हणजे प्रत्येक विनंतीला नवा लुआ आणि तुमची सहा हजार ओळींची यादी पुन्हा वाचणं. 'थ्रेड' करा आणि यादी वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवून रिक्वायर करा. उलट बाजूने, असं रिक्वायर केलेलं मॉड्यूल बदललं तरी आपोआप परत वाचलं जात नाही. कोडकॅशची तपासणी मुख्य स्क्रिप्टपुरतीच असते. यादी बदलली की ग्रेसफुल रीस्टार्ट (चालू डाउनलोड न तोडता).

लुआचा खरा फायदा तुमच्या तिसऱ्या दुखण्यात आहे. माझा अंदाज असा की दोन्ही पत्ते दिसायला सारखे, बाइटने वेगळे. ते सारखे करून घ्यायचं काम विनंती आल्यावरच होऊ शकतं, आधी बनवलेल्या यादीत नाही.

---

दाखलनोंद

दोघांचे आभार. कर्लचा प्रयोग केला. पीएचपीकडून २०० आणि धबधबा. थेट फाइलला २०६ आणि शंभर बाइट. तेवढं पटलं.

लॉगमधून 'वऱ्हाड' असलेले पत्ते काढले आणि टक्केवाले आकडे दशमानात मांडून पाहिले. कोथरूडकर म्हणतात तेच. देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा चिन्ह तीन बाइटचं, हे आता पाठ झालं. 'व' आणि 'हा' यांच्यामध्ये काय आहे तेवढंच देते:

चालणारा: २२४ १६४ १७७, २२४ १६५ १४१. म्हणजे ऱ हे एकच अक्षर आणि मग हलन्त.

न चालणारा, पहिला: २२४ १६४ १७६, २२४ १६४ १८८, २२४ १६५ १४१. साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलन्त.

न चालणारा, दुसरा: २२४ १६४ १७६, २२४ १६५ १४१, २२६ १२८ १४१. साधा र, हलन्त, आणि पाठोपाठ ती न दिसणारी जोडखूण, झेडडब्ल्यूजे.

तिन्ही पडद्यावर हुबेहूब. आणि चौथा प्रकारही सापडला, 'वर्हाड', ह वर रफार असलेला. तो निदान डोळ्यांना वेगळा दिसतो. माझा तर्क असा की जोडखूण असलेला पत्ता कुणीतरी पुढे पाठवताना कुठल्यातरी अॅपने ती खूण गाळली असावी.

गंमत म्हणजे नुक्तावाला प्रकार आमच्याच घरचा निघाला. स्कॅनचं काही काम जुन्या मॅकवर झालं होतं आणि सुरुवातीचे काही दुवे मॅकमधल्या फोल्डरच्या नावांवरून उचललेले आहेत.

आकड्यांचंही तसंच. क्यूआरमध्ये साल देवनागरीत, १९१७. हाताने टाइप करणारे इंग्रजी आकडे टाकतात. आतापर्यंत त्या सगळ्यांना ४०४ मिळत होता आणि ते मुकाट्याने निघून जात होते. लॉग नीट वाचला तेव्हा कळलं की असे लोक आमच्या क्यूआरवाल्यांपेक्षा जास्त आहेत.

मग आता? यादी की लुआ?

---

बर्डीवाला

जुना मॅक म्हटल्यावर उलगडा झाला. त्यांची जुनी फाइलसिस्टम, एचएफएस प्लस, नाव साठवतानाच ऱ चा र आणि नुक्ता करते. नंतरची एपीएफएस दिलेलं नाव तसंच ठेवते. लिनक्सला तर बाइटशिवाय काही कळतच नाही. रेगेक्सचंही ध्यानात ठेवा: अपाचेचं रेगेक्स बाइटवर चालते, 'कोणतंही एक अक्षर' म्हणून टिंब दिलं तर ते मराठी अक्षराचा तिसरा हिस्सा पकडते. चौकटी कंसात देवनागरी अक्षरं देऊ नका, भलतंच जुळते.

कोथरूडकर भाऊ म्हणतात की हे काम आधी करता येत नाही. येते नं. ऱ ची रूपं ताईंनीच मोजून दिली, चार. आकड्यांची दोन: सगळे देवनागरी किंवा सगळे इंग्रजी. १९ देवनागरीत न् १७ इंग्रजीत असं कोणी टाइप करत नाही, आणि केलंच तर त्याला ४०४ मिळाला तरी चालते. म्हणजे ऱ असलेल्या पत्त्याच्या आठ ओळी, बाकीच्यांच्या दोन. जिल्ह्याचं दुसरं नाव असेल तिथे दुप्पट. यादी पंधरा-वीस हजार ओळींची होईल. टेक्स्टमध्ये जड वाटली तर अपाचेसोबतच एचटीटीएक्सटी-टू-डीबीएम नावाचं हत्यार येते, त्याने डीबीएम (लवकर शोधता येईल अशी बांधलेली फाइल) करून घ्या. एवढंच की एसडीबीएम प्रकारात दोन फायली तयार होतात, एक डीआयआर, एक पीएजी. चालू फायलींवर नव्या टाकायला गेलात तर एक नवी न् एक जुनी असा क्षण येतो. त्यापेक्षा नव्या नावाने बनवा, कॉन्फमध्ये नाव बदला, ग्रेसफुल करा.

लुआ वाईट आहे असं मी म्हणून राहिलो नाही. किल्ल्या अगणित असत्या तर मीही लुआच सांगितलं असतं. तुमच्याकडे नोंदवही आहे. जे आहे ते मोजून आहे.

नियम लिहिताना: आधी अट, की यादीतून उत्तर रिकामं आलं नाही. मग नियम. उत्तराच्या जागी पहिले ठरलेला फोल्डर पूर्ण लिहायचा, स्लॅश एसआरव्ही स्लॅश नकाशे असा, आणि त्यापुढे यादीतलं उत्तर. पूर्ण पाथ यादीत टाकू नका. २०२४ च्या जुलैत आलेल्या २.४.६० पासून, उत्तराचा पहिलाच तुकडा बदलता असेल आणि तो थेट डिस्कवर जात असेल तर अपाचे नकार देते, नियमाला मुद्दाम झेंडा (फ्लॅग) लावला तरच ऐकते. तो झेंडा लावायची पाळीच येऊ देऊ नका.

आणि त्या फोल्डरसाठी डिरेक्टरी ब्लॉकमध्ये 'रिक्वायर ऑल ग्रँटेड', फक्त त्याच फोल्डरपुरतं. नाही दिलं तर फाइल सापडूनही ४०३ ('परवानगी नाही') येईल. वरच्या मुळाला 'ऑल डिनाइड' आहे तसंच राहू द्या. २०२१ मध्ये २.४.४९ ला पाथ साफ करण्यातच भोक होतं, २.४.५० चा इलाज अपुरा पडला आणि २.४.५१ मध्ये ते नीट बंद झालं. त्या भोकातून डॉक्युमेंट रूटबाहेरच्या फायली बाहेर गेल्या त्या ज्यांनी मुळाचं 'डिनाइड' काढून टाकलं होतं त्यांच्याच.

---

वडाळी_तलाव · अमरावती

एक छोटी भर. तुमच्याकडे छिंदवाड्याचे, बालाघाटचे नकाशेही असतील, तेव्हा ते याच प्रांतात होते. हिंदी कीबोर्डवाला 'छिंदवाड़ा' टाइप करेल. तिथे नुक्त्याचा ड़ आहे, आणि त्याचीही दोन रूपं: एकसंध अक्षर (२२४ १६५ १५६), किंवा ड आणि नुक्ता. कुणी सांगेल की पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने एनएफसी (युनिकोडने ठरवलेलं एकच रूप) करा, सगळं एक होईल. होत नाही. एनएफसी र आणि नुक्ता जोडून ऱ करतं, पण एकसंध ड़ आला तर त्याचे तुकडे करतं. आणि झेडडब्ल्यूजेला तर ते हातच लावत नाही. म्हणून एनएफसीच्या भरवशावर राहू नका, रूपं स्वतः लिहून काढा.

---

एनजिनवाला · नाशिक

एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर असता तर हेच काम 'मॅप' ब्लॉकने झालं असतं. यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून इन्क्लूड करायची आणि मिळालेलं व्हेरिएबल एलियसमध्ये वापरायचं. शोध हॅशने होतो. हिशोब करायचाच असेल तर एनजेएसचं (एनजिनएक्समधल्या जावास्क्रिप्टचं) जेएस-सेट आहे, व्हेरिएबल लागेल तेव्हाच फंक्शन चालतं. पण फक्त यासाठी सर्व्हर बदलू नका.

शिवाय ज्यांना लॉगिन तपासून फाइल द्यायची असते त्यांच्यासाठी एक्स-एक्सेल-रीडायरेक्ट हेडर आहे: पीएचपीने फक्त फाइलचं नाव हेडरमध्ये सांगायचं, पाठवायचं काम एनजिनएक्सचं. ताईंचे नकाशे सगळ्यांना खुले दिसतात, तेव्हा गरज नाही.

---

दाखलनोंद

यादीच केली.

लुआ सोडलं त्याचं कारण वेगाशी संबंधित नाही. उद्या मी सुट्टीवर असताना कुणी वाचक 'हा नकाशा उघडत नाही' म्हणत काउंटरवर आला, तर तिथे बसलेल्या माणसाला टेक्स्ट फाइल उघडून पत्ता शोधता येतो. ओळ आहे की नाही, उजवीकडे कुठला डबा आहे, दिसतं. दाखल नोंदवही हातात धरलेल्या कुणालाही हे जमतं. म्हणून डीबीएमही केलं नाही. यादी सतरा हजार ओळींच्या आत आहे आणि टेक्स्टवर काही अडत नाही.

पायथनमध्ये जिल्ह्यांचा भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि त्यात पायथनचा वाटा थोडाच. नोंदवहीत 'चांदा' आणि 'चंद्रपूर' असे दोन्ही शेरे एकाच सालच्या नकाशांवर आहेत, कारण १९६४ नंतरही काही वर्षं जुन्या शिक्क्याचे कागद वापरले गेले. कागदावर छापलेलं नाव हेच नोंदवहीतलं नाव, हा आमचा नियम मी सोडला नाही. दुसरं नाव फक्त यादीत जादा ओळ म्हणून येतं. रिसोड आता तिन्ही जिल्ह्यांखाली सापडतं. एकाच पत्त्यासमोर उजवीकडच्या रकान्यात दोन वेगळे डबे आल्यास पायथन थांबतं आणि दोन्ही दाखल क्रमांक छापतं. त्यातून नोंदवहीतल्याच काही जुन्या दुहेरी नोंदी सापडल्या, त्या आता पेन्सिलने खूण करून ठेवल्या आहेत.

छिंदवाडा घातला. वडाळी तलाव, आभार, ते माझ्या डोक्यातही आलं नसतं.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा एक पत्ता हट्टाने ४०४ देत होता. रीराइटचा लॉगलेव्हल ट्रेस-५ वर नेला, तेव्हा किल्ली कुठली शोधली जाते ते दिसलं. पत्त्याच्या शेवटी स्लॅश होता. यादीत स्लॅशवाली आणखी रूपं घालण्यापेक्षा नियमातच शेवटचा स्लॅश असला तर सोडून द्यायचं केलं.

एक शेवटचं. चांदा आणि चंद्रपूर दोन्ही पत्ते आता तीच फाइल देतात. संशोधक लेखात पत्ता देतात तेव्हा कुणी हा देतो, कुणी तो. एकच पत्ता चलनात राहावा म्हणून दुसऱ्याला पहिल्याकडे वळवू का? वळवायचं तर ३०१ (कायमचं) की ३०२ (तात्पुरतं)?

---

बर्डीवाला

वळवा. दुसरी छोटी यादी करा: डावीकडे जादा पत्ता, उजवीकडे नोंदवहीतला. तिचा नियम आधी, फाइलवाला नंतर. मग फाइलच्या यादीतून ही सगळी जादा रूपं काढून टाकता येतील, ती पुन्हा सहा हजारांवर येईल आणि काउंटरवाल्याला वाचायला आणखी सोपी.

सध्या ३०२ ठेवा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवून बसते. नोंदवहीतला एखादा शेरा तुम्ही उद्या दुरुस्त केला तर ज्याने एकदा उघडलं त्याचं ब्राउझर जुन्याच पत्त्याकडे धावत राहील. त्या पेन्सिलच्या खुणांचा निकाल लागला की मग ३०१ करा.

आणि वळवण्याच्या नियमाला एनई झेंडा लावू नका. तो नसला की अपाचे देवनागरी बाइट टक्क्यांमध्ये बदलून लोकेशन हेडरमध्ये घालते. लावला तर कच्चे बाइट जातात, आणि मग कोणत्या ब्राउझरला ते कसे दिसतील त्याचा नेम नाही. झालं की एकदा कर्लने हेडर तेवढे मागून पाहा, लोकेशनच्या ओळीत टक्के दिसले पाह्यजे.